तक्रार करायलाच हवी का? आधी लॉगिन कुणाचं ते बघ

प्रश्न : काकू, मी इंदुरात एका खासगी नर्सिंग होममध्ये आयुष्मान या सरकारी मोफत उपचार योजनेच्या काउंटरवर काम करते. कार्ड तपासणं, अंगठा घेणं, बेडवरचा फोटो आणि कागद पोर्टलवर चढवणं, डिस्चार्जला पुन्हा अंगठा, एवढं माझं काम. गेल्या दिवाळीपासून सांवेर, देपालपूरकडची माणसं शिबिरातून गाडी भरून आणतात. कुणाला साधी कणकण असते, कुणाला तीही नसते. पण कागदावर टायफॉइड आणि चार दिवसांची भरती. फोटोपुरतं सलाईन लावतात. सुई नसतेच, नळी नुसती मनगटावर पट्टीने चिकटवलेली असते. संध्याकाळी माणसं घरी जातात आणि डिस्चार्जच्या अंगठ्याला परत आणतात, जेवण आणि दोनशे रुपये देऊन. मी एकदा विचारलं तर मॅनेजर हसून म्हणाले, "मॅडम, ऊपर तक सबको पता है." सासूबाई म्हणतात, सरकारचा पैसा सरकार बघेल, तू कशाला भानगडीत पडतेस. न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतो, तिकडे अशी माहिती देणाऱ्याला वसुलीतला वाटा मिळतो. मला तीन गोष्टी सांगा. हे कळवणं मला कायद्याने बंधनकारक आहे का? नाही कळवलं तर मी गुन्हेगार ठरते का? आणि कळवलं तर माझं काय होईल?
एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुला हायसं वाटेल आणि दुसऱ्याचं ऐकून झोप उडेल, म्हणून दोन्ही एका दमात सांगते.

कुठलेही गुन्हे दिसले की प्रत्येक नागरिकाने पोलिसांना कळवलेच पाहिजेत, असं आपला कायदा म्हणत नाही. कोणते कळवायचे त्याची एक यादी आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण, खोट्या नोटा, सरकारी नोकराने केलेला अपहार, अन्नात आणि औषधात भेसळ, अशी ती यादी. फसवणूक तिच्यात नाही. त्यामुळे खोटी भरती नुसती पाहिली आणि गप्प राहिली, एवढ्यावरून कुणाही आयाबाईला, वॉर्डबॉयला किंवा शेजारच्या बेडवरच्या नातेवाइकाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

यादीतली भेसळ मात्र लक्षात ठेव, कारण तुमच्या नर्सिंग होमला औषधांचं दुकानही असणार. भेसळीचं औषध, किंवा एका औषधाच्या नावाखाली दुसरंच औषध विकलं जातंय असं तुला कळलं, तर तिथे गप्प राहायची मुभा नाही. ज्याच्यावर कळवायचं बंधन आहे त्याने जाणूनबुजून लपवलं, तर भारतीय न्याय संहितेच्या (म्हणजे नव्या दंड संहितेच्या) कलम २३९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच छिंदवाडा जिल्ह्यात कफ सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने लहान मुलं गेली, त्यानंतर हे कलम कुणाला पोथीतलं वाटू नये. आणखी एक ठिकाण म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार. दवाखान्यात कुणाच्याही कानावर तसं काही आलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. दवाखान्याच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं असं कृत्य लपवलं, तर त्याला वर्षभराची शिक्षा होऊ शकते.

कायद्याला सक्ती करायची असली की ती करता येते, हे यावरून दिसतंच. क्षयरोगाचा रुग्ण खासगी डॉक्टरनेही सरकारला कळवायचा, असं २०१२ मध्ये ठरलं. २०१८ च्या राजपत्रात न कळवणाऱ्यावर खटल्याचीही सोय झाली. म्हणजे खरा रुग्ण कळवला नाही तर डॉक्टर अडचणीत. शेजारच्या दवाखान्यात खोटा रुग्ण भरती झाला आणि तो कळवला नाही, तर काही नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत एक वाक्य आहे खरं: व्यवसायबंधूचं भ्रष्ट किंवा अनैतिक वर्तन डॉक्टरने कुणाची भीड न धरता उघडं करावं. वाक्य देखणं आहे. वकिलीच्या काळात ते कुणी वापरलेलं माझ्या पाहण्यात आलं नाही.

आता झोप उडवणारा भाग. वर सांगितलेलं सगळं बघणाऱ्याला लागू आहे. तू बघणारी नाहीस. ती खोटी भरती पोर्टलवर चढते ती तुझ्या लॉगिनवरून. अंगठा तू घेतेस. नळी चिकटवलेला फोटो तुझ्या हातून वर जातो.

न्याय संहितेचं कलम ३४४ वाचून बघ. हिशेबात आणि नोंदींत खोटेपणा करण्याचा हा गुन्हा. जुन्या दंड संहितेत तो ४७७-अ होता. त्याची सुरुवातच 'कारकून, अधिकारी किंवा नोकर' अशी आहे. मालकाच्या ताब्यातली वही, कागद किंवा संगणकातली नोंद फसवणुकीच्या हेतूने खोटी केली, तर सात वर्षांपर्यंत कैद. मालकाने सांगितलं म्हणून केलं, हा त्यातून सुटायचा रस्ता नाही. जोडीला फसवणुकीचं ३१८, बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचं ३४० आणि कटाचं ६१ येतं. अशा प्रकरणात पोलीस पहिल्या दिवशी मालकाला हात लावत नाहीत. ते लॉगिनचा तपशील काढतात, आणि त्यात नाव काउंटरवरच्या मुलीचं निघतं.

हेतू सिद्ध करावा लागतो, हेही खरं. तुझ्या पदरात पगारापलीकडे काही पडलं नाही, ही तुझी जमेची बाजू. पण ज्या दिवशी तू मॅनेजरला विचारलंस आणि त्याने ते उत्तर दिलं, त्या दिवसापासून 'मला माहीत नव्हतं' हे म्हणणं संपलं. म्हणून 'कळवू का' हा विचार करायला दोन आठवडे घेतलेस तरी चालेल. 'उद्या चढवू का' याचं उत्तर आजच हवं, आणि ते नाही असंच आहे.

नाही म्हणायचं म्हणजे भांडायचं नाही. पासवर्ड बदल. रात्रपाळीचा मुलगा तुझ्या आयडीवरून काम करत असेल (करतोच ना? सगळीकडे करतात), तर ते बंद कर आणि त्याचा वेगळा आयडी काढून मागून घे. खोटी केस समोर आली की मॅनेजरला चार ओळींचा निरोप लिही: "अमुक रुग्णाचा भरतीचा कागद आणि तपासणीचे रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीने मिळालेले नाहीत, म्हणून केस चढवलेली नाही." आरोप नाही, आवाज नाही, पण तारखेसकट पुरावा. त्यांनी लिहून उत्तर दिलं तर ते जपून ठेव. फोन करून 'कर दो यार' म्हणाले, तर कधी आणि काय म्हणाले ते घरी जाऊन वहीत टिपून ठेव. आणि जुन्या नोंदी पुसायच्या, दुरुस्त करायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस. पुरावा नाहीसा करणं हा आणखी एक गुन्हा, कलम २३८.

वहीत काय टिपायचं? केस क्रमांक, तारीख, बेड क्रमांक, कागदावरचा आजार आणि तू डोळ्यांनी काय पाहिलंस ते. उदाहरणार्थ, "दुपारी फोटो काढला, हाताला सुई नव्हती, सहा वाजता बेड रिकामा." एवढं पुरतं. रुग्णांच्या फायलींचे गठ्ठे, आधारच्या प्रती, पडद्यांचे फोटो घरी आणू नकोस. ती लोकांची खासगी माहिती आहे आणि तीच तुझ्यावर उलटवतील. बाकीचं सगळं सरकारच्या सर्व्हरवर पडलेलं आहे, केस क्रमांक हातात असला की तपासणारा ते काढतो. मोबाइलमध्ये काही फोटो आधीपासून असतील, तर तो मोबाइल विकू नकोस, फॉरमॅट करू नकोस. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ यंत्र हाताशी असलं की ते देणं सोपं जातं.

फायलीतले कागदच हवे असतील, तर त्याला सरळ मार्ग आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने स्वतःचे कागद मागितले, तर २००२ च्या त्याच नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यावे लागतात. सांवेरच्या एखाद्या जाणत्या माणसाने आपल्या 'टायफॉइड'चे कागद मागितले, तर त्याला कोण अडवणार?

आता सासूबाईंचं म्हणणं. पैसा सरकारचा आहे हे अर्धंच खरं. आयुष्मानचं कवच कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं. खोट्या टायफॉइडचा दावा ज्या खात्यातून जातो, ते त्याच सांवेरच्या कुटुंबाचं खातं. वर्षाच्या आत त्या घरात खरा हृदयविकार किंवा खरा अपघात निघाला, तर आधी खर्ची पडलेली रक्कम त्यांच्या वाट्यातून वजा झालेली असणार, आणि त्यांच्या हातात आले होते दोनशे रुपये. शिवाय खोट्याला शेवट नसतो. आज नळी चिकटवतात, उद्या चिरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत कडी तालुक्यातल्या एका गावात शिबिर घेऊन १९ जणांना अहमदाबादला नेलं, ७ जणांची अँजिओप्लास्टी केली, त्यातले दोघे दगावले. तिथेही सुरुवात शिबिराने आणि गाडीनेच झाली होती. हे सासूबाईंना जरूर वाचून दाखव.

आणि मॅनेजरच्या 'ऊपर तक'चं काय? वरच्यांना माहीत असतं तेव्हाही पकड होते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात तर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले निघाले, दहाच्या दहा नऊ. आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर पुढेही उपचार झाले आणि त्यापोटी ६ कोटी ९७ लाख रुपये गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये जबलपूरला एका रुग्णालयाने आयुष्मानचे 'रुग्ण' चक्क हॉटेलात ठेवलेले छाप्यात सापडले. इंदूर तर या बाबतीत अनुभवी गाव आहे. इथल्या रुग्णांवर झालेल्या औषधचाचण्यांचा प्रश्न इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि पुढे देशभरच्या चाचण्यांचे नियम कडक झाले.

मग जायचं कुठे? दारं बरीच आहेत, पण सगळी तुझ्यासाठी नाहीत. १८१ ची सीएम हेल्पलाइन सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तुझ्यासारखीने ती टाळावी. तक्रार तुझ्या मोबाइल क्रमांकावर नोंदली जाते, खालच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे आधी जाते, आणि मग 'मॅडम, शिकायत बंद करवा दीजिए' असे फोन सुरू होतात. नळाच्या पाण्याच्या तक्रारीला ते ठीक. मंगळवारची जनसुनवाईही तशीच. मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत रांगेत उभी राहिलीस की आपल्या रामबाग-नारायणबागेत संध्याकाळपर्यंत बातमी पोचलेली असते. १४५५५ ही आयुष्मानची हेल्पलाइन रुग्णाकडून पैसे मागितले, कार्ड नाकारलं अशा वेळी बरी. आत काम करणाऱ्या माणसाने मात्र लिहूनच द्यावं.

माझ्या मते एकच अर्ज दोन ठिकाणी एकाच दिवशी, स्पीड पोस्टाने पाठव. एक, भोपाळला योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य संस्थेला. दुसरा, जिल्ह्याच्या आयुष्मान तक्रार निवारण समितीला. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी असतात. रुग्णालयाला यादीतून काढणं, दावे थांबवणं, दंड वसूल करणं हे अधिकार राज्य संस्थेकडे आहेत, आणि सर्व्हरही त्यांच्याच हाताशी आहे. सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याचं कार्यालय, आपल्या राज्याच्या १९७३ च्या उपचर्यागृह कायद्याखाली नर्सिंग होमचा परवाना बघतं. तिथे प्रत दे, पण पहिली तिथे देऊ नकोस, कारण तिथल्यांची आणि नर्सिंग होमवाल्यांची रोजची ऊठबस असते. सरकारी पैशाची मोठी लूट असेल तर ईओडब्ल्यू, म्हणजे राज्याची आर्थिक गुन्हे शाखा आहे. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायचाच झाला आणि ठाणेदाराने टाळलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे लेखी तक्रार वरिष्ठांकडे जाते. इंदुरात २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा डीसीपींकडे (पोलीस उपायुक्तांकडे). ज्या डॉक्टरने खोट्या आजारावर सही केली त्याच्याविरुद्ध भोपाळच्या राज्य वैद्यकीय परिषदेकडे वेगळी तक्रार होते. खोटं प्रमाणपत्र देणं हे आचारसंहितेतलं सरळ गैरवर्तन आहे. खासगी विम्याच्या केसेसमध्येही असंच चाललं असेल, तर तो मामला कंपनीच्या फसवणूक विभागाचा. तो या अर्जात कालवू नकोस.

अर्जात विशेषणं नकोत. 'लुटारू', 'माफिया' असले शब्द काढून टाक. 'मी पाहिलं' आणि 'मी ऐकलं' वेगवेगळं लिही. पाच-सहा पक्क्या केसेस दे, पन्नास ढोबळ नकोत. निनावी पत्रावर बहुधा कुणी धूळ झटकत नाही, म्हणून नाव दे आणि ते गुप्त ठेवण्याची विनंती ठळक लिही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर एक अक्षर नको. अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या कलम ३५६ मधून वगळलेली आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली वगळलेली नाही. जाणूनबुजून खोटी माहिती देण्यालाही शिक्षा आहे, पण तुझ्या पत्रातला तपशील बघता त्याची काळजी मला वाटत नाही.

आता चुलतभाऊ. तो म्हणतो ते बरोबर आहे, पण ते अमेरिकेत. तिथला फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला कुजका माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला. सरकारच्या वतीने खासगी माणूस दावा लावतो, आणि वसुली झाली तर त्याला साधारण १५ ते ३० टक्के वाटा मिळतो. आयुष्मानच्या बाबतीत असा वाटा मिळवून देणारी तरतूद आपल्याकडे नाही. संरक्षणाचंही तसंच. गैरव्यवहार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागूच केलेला नाही. लागू असता तरी तो सरकारी नोकरांच्या गैरव्यवहारापुरता. खासगी नर्सिंग होमच्या मालकाविरुद्ध तो तुझ्या कामी आला नसता. कंपनी कायद्यात अंतर्गत तक्रारीची सोय आहे, तीही शेअर बाजारातल्या आणि मोठ्या कर्जाच्या कंपन्यांना. साक्षीदार संरक्षण योजना मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली. धमकी आली तर तिच्यासाठी जिल्ह्यात अर्ज करता येतो.

म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की नोकरी जाऊ शकते. ती जाणार नाही असं सांगणारा माणूस तुला फसवतोय. दुसरी नोकरी शोधायला आत्तापासून लाग, यात काही कमीपणा नाही.

अर्ज टाकण्याआधी एक काम कर, वकील गाठ. ज्या केसेस तुझ्या हातून आधीच चढल्या आहेत, त्यांच्याबद्दल अर्जात काय आणि कसं लिहायचं, हे कुठल्याही सल्ला सदरातून ठरवायचं नसतं, माझ्याही नाही. गरज पडली तर माफीचा साक्षीदार होण्याची वाट असते, पण ती न्यायालयातून जाते. फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन कर. नर्सिंग होमच्या मालकांच्या ओळखीतला वकील नको, एवढं बघ. आपला समाज इथे छोटा आहे, कोण कुणाचा साडू निघेल सांगता येत नाही.

राजीनामा रागाच्या भरात देऊ नकोस. आधी नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि पीएफचा क्रमांक घरी आण. देशील तेव्हा त्यात 'माझं आयुष्मानचं लॉगिन आजच्या तारखेपासून बंद करावं' हे वाक्य घाल आणि त्याची एक प्रत भोपाळला राज्य संस्थेकडेही पाठव. नाहीतर तू घरी बसलेली असशील आणि तिकडे तुझ्याच आयडीवर माणसं भरती होत राहतील.